दहा अक्रब

२०१६ सालच्या फेब्रुवारीत, नेकार नदीकाठच्या ज्या जर्मन शहरात मी नोकरी करते, तिथल्या कुटुंब न्यायालयातील एका अधिकाऱ्याने माझा उजवा हात हातात घेतला आणि एका अनोळखी मुलाचे पालकत्व मी निष्ठेने सांभाळीन असे माझ्याकडून वदवून घेतले. ही शपथ हस्तांदोलनानेच घ्यावी असे तेव्हाच्या जर्मन कायद्यात लिहिलेले होते. सारे काम पाच मिनिटांत उरकले, हाती एक शिक्क्याचा कागद आला आणि मी सोळा वर्षांच्या एका अफगाण मुलाची ‘फॉर्मुंड’, म्हणजे कायदेशीर पालक, झाले. मुलगा शेजारच्या खुर्चीत बसून माझ्याकडे नव्हे, तर त्या हस्तांदोलनाकडे पाहत होता. बाहेर आल्यावर त्याने उर्दूत विचारले, “सौदा झाला का?”

त्याचे नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिण्याची परवानगी त्याने दिली आहे, नावाची मात्र दिलेली नाही.

मी मूळची कराडची. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी जर्मनीत आले तेव्हा माझ्यासाठी सगळे कागद कंपनीनेच तयार ठेवले होते, आणि परकीय नागरिकांच्या कार्यालयात माझे काम दुसऱ्या मजल्यावर, ठरलेल्या वेळी, वीस मिनिटांत झाले होते. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर पहाटेपासून रांग लागते हे मला कित्येक वर्षे ठाऊक नव्हते, कारण माझे प्रवेशद्वारच वेगळे होते. २०१५ मध्ये सुमारे आठ लाख नव्वद हजार माणसे आश्रय मागण्यासाठी जर्मनीत आली आणि त्यांत आईवडिलांवाचून आलेली ४२ हजारांहून अधिक मुले सरकारी देखरेखीखाली घेतली गेली. एका सरकारी पालकाकडे जास्तीत जास्त पन्नास मुले असावीत असा नियम आहे, म्हणजे नियम तंतोतंत पाळला तरी एका मुलाच्या वाट्याला महिन्यात किती वेळ येणार याचा हिशेब कोणीही करावा. त्यामुळे शहरातल्या युवक कल्याण कार्यालयाने नागरिकांना पुढे येण्याचे आवाहन केले. पोलिसांचा दाखला, काही संध्याकाळचे प्रशिक्षण आणि घर पाहून जाणे एवढ्या सोपस्कारांनंतर मला विचारण्यात आले की कोणकोणत्या भाषा येतात. मराठीचा उपयोग होईल असे वाटले नव्हते, हिंदीचा झाला. मुलगा गझनी प्रांतातल्या जागोरीचा, हजारा या अफगाण अल्पसंख्य जमातीतला, पण अडीच वर्षे पाकिस्तानातल्या क्वेट्ट्यात काढलेला, त्यामुळे त्याला उर्दू उत्तम येत होती. या कामाचे मानधन म्हणून तेव्हा वर्षाला ३९९ युरो मिळत. ते त्याच्या सायकलीवर, चष्म्यावर आणि पुढे बहुतांशी टपालखर्चावर गेले.

तो मला पहिल्या दिवसापासून ‘खाला’ म्हणू लागला, म्हणजे मावशी, पण ‘तुम्ही’ सोडले नाही. मी त्याला ‘तू’ म्हणत असे. वस्तीगृहातल्या जर्मन समाजसेविकेला मात्र तो नावाने हाक मारी आणि ‘तू’ म्हणे, कारण तिने तसे सांगितले होते. आणि प्रत्येक वेळी ‘तू’ म्हणताना त्याची नजर जमिनीकडे जाई.

आश्रय मागणाऱ्या प्रौढाला स्वतः हजर राहून अर्ज करावा लागतो, पण पालकाच्या छायेतल्या अल्पवयीन मुलाचा अर्ज पालकाने लेखी पाठवला तरी चालतो. तो कसा लिहायचा यावर आम्ही तीन शनिवार घालवले. माझे वडील न्यायालयात कारकून होते, त्यामुळे अर्ज, दरखास्त, हुकूम, मुदत, तारीख, वकील हे शब्द माझ्या कानांवर लहानपणापासूनचे. हेच शब्द, जवळपास याच अर्थाने, त्याच्या दरी भाषेतही, म्हणजे अफगाणिस्तानातल्या फारसीतही, होते. जर्मन शब्द समजावून सांगायला मी हिंदी प्रतिशब्द शोधत बसे आणि तो म्हणे, “मुद्दत ना? मग तसे सांगा.” एक गोष्ट त्याला शेवटपर्यंत पटली नाही. मराठीत ‘तारीख पडली’ म्हणजे काम पुढे ढकलले गेले, हे ऐकून त्याला हसू आवरेना, कारण त्याच्या मते तारीख ही झालेल्या गोष्टीची असते, न झालेल्याची नव्हे.

झालेल्या गोष्टीची तारीखच पुढे आमच्या मानगुटीवर बसली.

त्याच्या वडिलांना जागोरीहून गझनीकडे जाणाऱ्या वाटेवर गाडीतून उतरवून नेण्यात आले. गाडीत अकरा माणसे होती, त्यांतल्या तिघांना उतरवले. त्यानंतर वडिलांची काहीही खबर लागली नाही. त्या दिवशीची तारीख त्याला पक्की ठाऊक होती: दहा अक्रब, १३९१. अफगाण सौर कालगणनेतले महिने राशींच्या नावांचे असतात. हमल म्हणजे मेंढा, म्हणून मेष. सरतान म्हणजे खेकडा, म्हणून कर्क. अक्रब म्हणजे विंचू, वृश्चिक. हे कळल्यावर मला फार आनंद झाला. आपल्याच घरातली वस्तू परक्याच्या घरात सापडावी तसे वाटले. स्वयंपाकघरात आईने दर दिवाळीला पाठवलेली दिनदर्शिका टांगलेली असे. तिच्यात पाहिले, वृश्चिक संक्रांत सोळा नोव्हेंबरला. म्हणजे दहा अक्रब म्हणजे पंचवीस नोव्हेंबर. वर्ष २०१२. वकीलबाईंकडे मी मोठ्या विश्वासाने ती तारीख दिली आणि ती लेखी निवेदनात टंकित होऊन गेली.

ज्यांना पंचांगाची थोडीफार जाण आहे त्यांना चूक एव्हाना कळली असेल. अफगाण महिने सायन, म्हणजे ऋतूंशी बांधलेले, आहेत, त्यांचे वर्ष वसंतसंपातापासून, नवरोजपासून सुरू होते; आपल्या पंचांगातल्या संक्रांती निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या स्थानांवरून मोजलेल्या. दोहोंत आज सुमारे चोवीस दिवसांचे अंतर पडले आहे. मेष संक्रांत एप्रिलच्या मध्यावर येते आणि नवरोज मार्चमध्ये, एवढे जरी मी ताडून पाहिले असते तरी डोक्यात प्रकाश पडला असता. पण मला माझ्या हुशारीचे इतके कौतुक वाटत होते की पडताळून पाहण्याची गरजच भासली नाही.

मुलाखत, जिला जर्मनमध्ये ‘आनह्योरुंग’ म्हणतात, ती ऑक्टोबरात झाली. या शब्दाचा शब्दशः अर्थ ‘ऐकून घेणे’ असा होतो आणि आश्रयाच्या साऱ्या प्रक्रियेचा कणा हाच आहे: एका खोलीत, एका दिवशी, माणसाने आपले म्हणणे सांगायचे आणि त्यावरून त्याचे पुढचे आयुष्य ठरायचे. खोली लहान होती. अल्पवयीन मुलांच्या मुलाखतींसाठी खास नेमलेली अधिकारीबाई, इराणी वळणाची फारसी बोलणारे वयस्क दुभाषी, मुलगा आणि मी. टेबलावर पाण्याची बाटली आणि कागदी रुमालांचा खोका. त्या खोक्याकडे पाहून मुलगा मला हळूच म्हणाला, “इथे रडावे लागते का?”

सुरुवातीचे प्रश्न ठरलेले असतात: कोणती भाषा, कोणती जमात, शेवटचा पत्ता, नातेवाईक कुठे, कोणत्या देशांतून आलास, किती पैसे दिलेस. मग अधिकारीबाई म्हणाल्या, “आता तू तुझा देश का सोडलास ते तुझ्या शब्दांत सांग,” आणि टंकलेखनासाठी सरसावून बसल्या. त्याने सुरुवात केली ती क्वेट्ट्यापासून. जानेवारी २०१३ मध्ये अलमदार रस्त्यावर झालेल्या स्फोटांनंतर हजारा लोकांनी मृतदेह दफन करायला नकार देऊन कडाक्याच्या थंडीत ते रस्त्यावर मांडले होते आणि माणसे रात्रंदिवस त्यांच्याजवळ बसून राहिली होती. त्या गर्दीत तोही आईच्या शेजारी बसला होता. त्यानंतर पाचेक आठवड्यांनी, सोळा फेब्रुवारीला, तो राहत होता त्या हजारा टाउनच्या बाजारात पाण्याच्या टँकरमध्ये लपवलेल्या स्फोटकांचा स्फोट झाला. तो त्या वेळी दोन गल्ल्या पलीकडे नळावर हंडे घेऊन उभा होता. हे सगळे त्याने न थांबता सांगितले. आठ-नऊ महिन्यांत त्याने मला यातले अवाक्षर सांगितले नव्हते. मी त्याला कधी विचारले नव्हते हेही खरे. प्रशिक्षणात आम्हाला तसे बजावले होते आणि मला ते सोयीचेच पडले होते.

अधिकारीबाईंनी सगळे ऐकून घेतले, लिहूनही घेतले आणि मग अगदी सौम्यपणे म्हणाल्या की हे पाकिस्तानात घडले. त्याचे नागरिकत्व अफगाणिस्तानचे असल्याने, अफगाणिस्तानात परत गेल्यास त्याला कोणता धोका आहे एवढेच त्यांना पाहता येते. कायदा तसाच आहे. माणूस ज्या देशाचा नागरिक असेल त्या देशाच्या संदर्भातच त्याच्या भीतीची मोजदाद होते. दुभाषींनी वाक्य फारसीत आणले. मुलाने माझ्याकडे पाहिले आणि उर्दूत विचारले, “मग ती भीती कुठे सांगायची?” दुभाषींना उर्दू येत नव्हती आणि मी ते भाषांतरित केले नाही. कामकाजात ते वाक्य कुठेही नाही.

नंतर जागोरीची गोष्ट आली आणि तिच्याबरोबर दहा अक्रब. दुभाषींनी खिशातून एक घडी घातलेला तक्ता काढला, बोट फिरवले आणि सांगितले, ३१ ऑक्टोबर २०१२. अधिकारीबाईंनी समोरचे निवेदन पाहिले. “इथे पंचवीस नोव्हेंबर लिहिले आहे.” खोलीत शांतता. मुलाला जर्मन इतकी येत नव्हती, पण त्याने आमचे चेहरे वाचले, आणि त्याचे बोलणे तिथून पुढे एकेका शब्दावर आले. मी बोलण्याची परवानगी मागितली आणि सायन-निरयन समजावून देण्याचा प्रयत्न केला. अयनांश, म्हणजे या दोन गणनांतले अंतर, या शब्दाला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला तेव्हाही माहीत नव्हते. अधिकारीबाई अवाक होऊन ऐकत राहिल्या आणि शेवटी त्यांनी एक वाक्य नोंदवले: ‘पालकाच्या म्हणण्यानुसार तारखेतील फरक हा रूपांतरणातील चुकीमुळे आहे.’ साडेचार तासांनी सारे कामकाज त्याला फारसीत परत वाचून दाखवण्यात आले आणि प्रत्येक पानावर त्याची सही घेण्यात आली. तो सही उजवीकडून डावीकडे करी. एका पानावर त्याने जर्मन पद्धतीने करायला घेतली, अर्ध्यावर थांबला आणि मग मूळ वळणावर परत आला.

गाडीत तो एकच गोष्ट बोलला. “खाला, तुमचा विंचू आमच्या विंचवाच्या मागून चालतो.” मी माफी मागितली. तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

मुलाखतीनंतर वाट पाहणे आले, आणि आमची बहुतेक वर्षे त्यातच गेली, तरी त्याबद्दल सांगण्यासारखे फार थोडे आहे. तो सकाळी शाळेत जाई. आमच्या राज्यात परदेशांतून आलेल्या मोठ्या मुलांसाठी व्यवसाय शाळांत भाषेचे वर्ग असतात. त्यांना ‘व्हाबो’ म्हणतात. तिथून तो पुढच्या वर्गात गेला, गणितात चांगला निघाला. संध्याकाळी वस्तीगृहात पाच मुले मिळून भात शिजवीत. १४ डिसेंबर २०१६ रोजी चौतीस अफगाण पुरुषांना घेऊन फ्रँकफुर्टहून काबूलला पहिले विमान गेले आणि त्यानंतर साधारण दर महिन्याला एक जाऊ लागले. अल्पवयीनांना त्यात घालत नाहीत हे मी त्याला कायद्याच्या कलमासकट दाखवले. “अजून एक वर्ष सतरा दिवस,” तो म्हणाला. त्याची कागदोपत्री जन्मतारीख १ जानेवारी २००० अशी होती. खरी तारीख ठाऊक नसली की नोंद करणारे एक जानेवारी लिहितात; वस्तीगृहातल्या पाचांपैकी चौघांचा वाढदिवस त्याच दिवशी असे आणि सारे शहर फटाके उडवून तो साजरा करी, असा त्यांचा जुना विनोद होता.

मार्च २०१७ मध्ये मी दोन आठवडे कराडला गेले होते. वडिलांचे मोतीबिंदूचे काम होते. परत आले तेव्हा पत्रपेटीत पिवळा लिफाफा होता. जर्मनीत राहणाऱ्याला या लिफाफ्याचा अर्थ सांगावा लागत नाही. न्यायालयीन आणि तत्सम पत्रे अशा लिफाफ्यातून येतात, पोस्टमन त्यावर पत्रपेटीत टाकल्याची तारीख स्वतःच्या हाताने लिहितो आणि मुदत त्या तारखेपासून सुरू होते. तुम्ही घरी होता की नाही, लिफाफा उघडला की नाही, याच्याशी मुदतीला काही देणेघेणे नसते. निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाण्यासाठी दोन आठवडे मिळतात. लिफाफ्यावर निळ्या शाईत जी तारीख होती, तिला नऊ दिवस उलटून गेले होते. सामानाची बॅग दारातच ठेवून मी जिन्यावर बसले आणि हातांची थरथर थांबल्यावर वकीलबाईंना फोन लावला.

निर्णय सतरा पानांचा होता. आश्रय नाकारला, निर्वासित दर्जा नाकारला, त्याखालचे दुय्यम संरक्षण नाकारले. बरीच पाने अफगाणिस्तानच्या परिस्थितीवर होती आणि काबूल, हेरात किंवा मझार-ए-शरीफ येथे एक निरोगी तरुण मुलगा मोलमजुरी करून जगू शकेल असा निष्कर्ष होता. चौदाव्या पानावर एक छोटा परिच्छेद: वडिलांना नेल्याच्या तारखेबाबत अर्जदाराच्या म्हणण्यात विसंगती आढळते. माझे स्पष्टीकरण नोंदलेले असूनही तो परिच्छेद तिथे होता. वकीलबाईंनी मला समजावले की निर्णय त्या परिच्छेदावर उभा नाही, तो नसता तरी निकाल हाच आला असता. ते खरे असेल. तरीही ते चौदावे पान मी इतक्या वेळा वाचले आहे की आजही डोळे मिटून म्हणून दाखवीन.

तेराव्या दिवशी दावा दाखल झाला. वकिलांच्या शुल्काचा निम्मा भार चर्चशी संलग्न एका मदतनिधीने उचलला. उरलेला निम्मा मी भरत होते, तोवर त्याने हप्त्याहप्त्याने मला परत करायला सुरुवात केली. घेऊ नये असे माझ्या मनात होते. पण पहिले पन्नास युरो देताना त्याच्या चेहऱ्यावरचा भाव पाहून मी पावतीसुद्धा लिहून दिली.

मुलाखतीत त्याला भविष्याबद्दल कोणीही काही विचारले नव्हते, ते त्या कामाचे स्वरूपच नाही. भविष्य दुसऱ्याच दाराने आले. शाळेने त्याला दोन आठवड्यांच्या उमेदवारीसाठी एका हीटिंग आणि नळजोडणीच्या लहान कंपनीत पाठवले होते. मालक, ज्यांना तिथे ‘माइस्टर’ म्हणतात, साठीचे, बोलणे खास श्वाबेन बोलीतले. पहिले दोन दिवस दोघांना एकमेकांचे अक्षरही कळले नाही. तिसऱ्या दिवशी एका तळघरात तांब्याच्या नळ्या जोडताना मुलाने वेल्डिंगची ज्योत त्यांच्यापेक्षा बारीक धरली. क्वेट्ट्यात एका रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानात तो बारा-तेराव्या वर्षी हे शिकला होता. माइस्टरांनी मला फोन करून विचारले, “याला कोणत्या कागदाची गरज आहे ते सांगा.” सप्टेंबर २०१७ मध्ये त्याचे व्यवसाय प्रशिक्षण, ‘आउसबिल्डुंग’, सुरू झाले: साडेतीन वर्षे, आठवड्यातले काही दिवस शाळा आणि बाकीचे दिवस काम. २०१६ च्या कायद्याने अशी सोय झाली होती की अर्ज फेटाळला गेला तरी प्रशिक्षण पुरे होईपर्यंत आणि नंतर नोकरी मिळाल्यास आणखी दोन वर्षे परत पाठवले जाऊ नये. लोक तिला ‘तीन अधिक दोन’ म्हणत. त्यामुळे आमच्या जिवाला थोडा आधार होता. थोडाच, कारण त्या सोयीचा अर्थ प्रत्येक कार्यालय आपापल्या परीने लावत होते.

एक अडचण मला फार उशिरा कळली. आमच्याकडच्या जुन्या घरांत हीटिंगचे तेल टँकरने येते. टँकर रस्त्यावर उभा राहतो, जाड पाइप तळघरात सोडतात आणि अर्धा तास त्याचे इंजिन घरघरत असते. ज्या ज्या दिवशी कामाच्या ठिकाणी टँकर यायचा, त्या त्या दिवशी मुलगा तळघरातून बाहेर येत नसे. जेवणाची सुट्टीही तिथेच, बॉयलरच्या शेजारी, घेई. माइस्टरांनी कारण विचारले नाही. ते टँकरवाल्याला फोन करून तो किती वाजता येणार हे विचारून घेऊ लागले आणि त्या वेळेला मुलाची रवानगी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कामावर होऊ लागली. हे मला माइस्टरांच्या पत्नीने सांगितले, तेही दोन वर्षांनी.

३१ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री माझे पालकत्व कायद्याने संपले. नदीच्या पुलावर फटाके फुटत होते. तो फटाक्यांना घाबरतो म्हणून आम्ही माझ्या घरी खिडक्या लावून, मोठ्या आवाजात गाणी लावून बसलो होतो. बारा वाजून गेल्यावर तो म्हणाला, “आता तुम्ही माझ्या कोणी नाही,” आणि मग स्वतःच घाबरून गेला, कारण त्याला विनोद करायचा होता आणि उर्दूत तो तसा उमटला नाही.

न्यायालयातली सुनावणी जून २०१८ मध्ये झाली. एकच न्यायाधीश, वय पन्नाशीच्या आसपास, समोर फाइलींचे दोन गठ्ठे. मी आता साधी प्रेक्षक असल्याने मागच्या बाकावर होते. शेजारी माइस्टर, लग्नाला घालायच्या कोटात. न्यायाधीशांनी जागोरीबद्दल फार विचारले नाही. त्यांनी विचारले, अफगाणिस्तानात तुझे कोण आहे? काका? मामा? शेवटचा कधी होतास तिथे? काबूल पाहिले आहेस का? आणि मग क्वेट्टा. किती वर्षे राहिलास, शाळेत गेलास का, आई आता कुठे असते, भावंडे काय करतात. दोन वर्षांपूर्वी ज्या क्वेट्ट्याला त्या खोलीत जागा नव्हती, त्याचा आता तपशीलवार जबाब घेतला जात होता. तो बाराव्या वर्षी देश सोडून गेला, घर पाकिस्तानात, काबूलमध्ये ओळखीचे कुत्रेही नाही. म्हणून तिथे तो तग धरू शकणार नाही, असा तो सगळा युक्तिवाद होता. निकाल दोन आठवड्यांनी टपालाने आला: निर्वासित दर्जा नाही, मात्र परत पाठवण्यास मनाई. वकीलबाई आनंदल्या. मीही. त्याने निकालाचा अर्थ नीट समजावून घेतला आणि म्हणाला, “म्हणजे तिथे काय झाले त्यामुळे नाही, तिथे कोणी नाही म्हणून.” मला खोडून काढता आले नाही. त्या दिवशी संध्याकाळी माइस्टरांनी सगळ्यांना आइस्क्रीम खायला घातले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो कामावर हजर होता.

पुढचे भराभर घडले. २०२१ च्या फेब्रुवारीत तो कारागिराची परीक्षा पास झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला तालिबानने काबूल घेतले, आणि तीन-चार दिवस त्याचा फोन हातातून सुटला नाही. ज्यांना अर्ज फेटाळून परत पाठवले गेले होते अशा दोन मित्रांचे क्रमांक तो पुन्हा पुन्हा लावत होता. यथावकाश कायमचा निवास परवाना मिळाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पाकिस्तानने कागदपत्रे नसलेल्या परकीयांना एक नोव्हेंबरपर्यंत देश सोडण्यास सांगितले. आई आणि धाकटी बहीण अजून हजारा टाउनमध्येच आहेत, खोली बदलून, आणि बाजारहाट शेजारीण करते. तो दर महिन्याला पैसे पाठवतो. आईला इकडे आणता येईल असा मार्ग आम्हाला कोणत्याही वकिलाने दाखवलेला नाही. सज्ञान मुलाची आई ही जर्मन कायद्याच्या लेखी जवळच्या कुटुंबात मोडत नाही.

गेल्या हिवाळ्यात तो नागरिकत्वाचा अर्ज घेऊन घरी आला. तेहतीस प्रश्नांची चाचणी त्याने आधीच दिली होती, सतरा बरोबर आले तरी पुरतात, त्याचे बत्तीस आले होते आणि चुकलेल्या एकाबद्दल तो अजून वाद घालत होता. आता फॉर्म माझ्यापेक्षा तोच भराभर भरतो. मी फक्त चहा करून समोर बसते. आईवडिलांच्या पानावर तो अडला. आईच्या जन्मतारखेसाठी त्याने क्वेट्ट्याला फोन लावला. बाई म्हणाल्या, मोठा बर्फ पडला त्या वर्षी, जर्दाळू फुलायच्या आधी. दोघांनी मिळून एक वर्ष ठरवले आणि दिवस-महिन्याच्या जागी त्याने एक जानेवारी लिहिले. “आता सगळे घर एकाच दिवशी,” तो म्हणाला.

वडिलांच्या रकान्यात जन्मसाल लिहून झाले. त्याच्या पुढे, ‘मयत असल्यास दिनांक’. घरात त्यांना अजून कोणी मयत म्हटलेले नाही. आई आजही त्यांच्याबद्दल वर्तमानकाळात बोलते. त्याने पेन खाली ठेवले, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्या चौकोनाच्या कडेला, फारसी आकड्यांत, उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहिले. मग खोडले. मी सांगितले की रकाना मोकळा सोडला तरी चालतो, सोबत एक चिठ्ठी जोडता येते. “चिठ्ठीत काय लिहायचे?” त्याने विचारले. आम्ही चिठ्ठीचे तीन मसुदे केले. तिसऱ्यात दोन ओळी उरल्या: कुठून नेले आणि कोणत्या दिवशी. तारीख त्याने स्वतः तक्ता पाहून घातली, ३१ ऑक्टोबर २०१२, आणि पाकीट बंद करण्याआधी मला एकदा तपासायला दिली.